जिभेला चिकटतं ते हाड

नदीचं पात्र कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतं,
म्हणून इथं कुणीही यावं.
वाळूवाले रात्री येतात, शेरडं दुपारी,
आणि मे महिन्यातल्या रविवारी
लातूरहून पहिल्या एसटीनं मी,
पिशवीत खुरपं, दात घासायचा जुना ब्रश,
पाण्यात पातळ केलेला फेविकॉल
आणि सापडलंच काही तर गुंडाळायला
आठवडाभराची रद्दी.

औसेकर सर म्हणायचे, मांजरेचा कडा वरून खाली वाचा.
वर काळी, तिच्यात गाजरगवताची मुळं,
मग पिवळी, चुनखड्यांनी गच्च,
तिच्याखाली गोटे,
नदीनं कधीतरी रागानं आणून टाकलेले.
आपलं काम गोट्यांत.
शंका आली तर चाटायचं.
दगड जिभेवरून घसरतो.
हाड चिकटतं.
कितीही जुनं होऊ दे,
ओल ओढायची त्याची सवय जात नाही.

सहा वर्षांत मी बरंच चाटलंय.
गारगोट्या, विटांचे तुकडे,
एकदा कुणाच्या तरी चुलीची माती,
एकदा, सांगू नये, वाळलेलं शेण.
जमेला: शिंपले दोन डबे,
बैलाच्या कुण्या पूर्वजाची बरगडी.
अर्धी.

त्या दिवशी साडेबाराला
सावली पायाखाली येऊन बसली होती.
वेड्या बाभळीतून आवाज आला,
"काय हुडकायलाव बाई? काय पडलं का?"
सटवाबाई. बारा शेरडं, गळ्यात दोरीनं मोबाईल.
पडलंय, म्हटलं. पण माझं नाही.
तिला ते पटलं. हरवलेलं दुसऱ्याचंही असू शकतं.
मग मी जिथून दोनदा गेले होते
तिथंच काठीनं टोचून म्हणाली,
"ह्ये बघा. रोज ठेच लागती मला ह्याची."

खुरपं. ब्रश. पाऊण तास.
काळपट दाढ, मुठीएवढी,
झिजलेल्या माथ्यावर तीन पाकळ्यांची नक्षी.
मी मुळाला जीभ लावली.
"कशाला चाटायलाव?"
सांगितलं.
तिनं दाढ घेतली, पदरानं पुसली,
जीभ लावली, सोडवता सोडवता हसायला लागली,
"आगं बया, धरून ठेवतंय की!"

पाणघोडा, म्हटलं.
तिनं पाहिला नव्हता. मीही टीव्हीतच.
म्हशीएवढा? दोन म्हशींएवढा.
खातो काय? गवत, तेही रात्री.
अन् दिवसा?
दिवसभर पाण्यात बसतो.
"हितं?"
इथंच. पंचवीस-तीस हजार वर्षांमागं.

वर्षांकडं तिनं लक्षच दिलं नाही.
या काठापासून त्या काठापर्यंत पात्र बघितलं,
मग मधला झिरा,
जिथं दोन पोरी वाटीनं घागर भरत होत्या.
आणि एखाद्या स्थळाची चौकशी करावी
तशी हळूच म्हणाली,
"उन्हाळ्यात पण?"

मी सरांची वही आठवून बघितली.
जबडे होते, मापं होती, थरांच्या आकृत्या.
मे महिना कुठंच नव्हता.
असेल, म्हटलं.
"आसंल. त्याबिगर एवढं जनावर
ऱ्हाईल व्हय?"

दाढेला फेविकॉल पाजला.
रद्दीचं पान सोन्याच्या भावाचं निघालं.
चिठ्ठीवर जागा, तारीख, थर लिहिला,
आणि शोधणाऱ्याचं नाव?
"माझं नगं. तलाठी यील इचारत."
कडेला एक शेळी बाभळीची शेंग चघळत होती.
"हिचं लिवा. लंगडी."
लिहिलं.
महाविद्यालयाच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर
ती चिठ्ठी अजून तशीच आहे.
साहेब बदलले, कुणी वाचली नाही.

परतीच्या एसटीत खिडकी मिळाली.
मुरुडच्या आतच बाटली संपवली.
जिभेवर दाढ टेकली होती
तिथं मात्र रुपयाएवढी जागा
घरी पोचेपर्यंत कोरडीच होती.